हेवी मशिनरीच्या डीलरने पर्यावरणासाठी नेमकं करायचं काय? (इंदूर)

देवासनाका

नमस्कार मंडळी,

मी इंदुरात मातीकामाच्या मशिनांच्या एका डीलरकडे सर्व्हिस विभाग सांभाळतो. बॅकहो (लोक ज्याला जेसीबी म्हणतात तो), पोकलेन, रोलर, जनरेटर असा पसारा आहे. विक्री, स्पेअर आणि दुरुस्ती तिन्ही आमच्याकडे. ज्यांची मशिनं आम्ही विकतो त्या कंपनीकडून यंदा पर्यावरणाबद्दल लांबलचक प्रश्नावली आली. वीज किती जळते, डिझेल किती, पाणी किती, काळं, म्हणजे वापरून निघालेलं, ऑइल कुठे जातं, अपघात किती झाले, सगळं. मालकांनी ती माझ्याकडे दिली आणि सांगितलं, नुसता फॉर्म भरू नका, पुढच्या पाच वर्षांत आपण काय करणार तेही लिहून आणा. ते मनापासून विचारत आहेत, म्हणून उत्तरही तसंच द्यायचं आहे.

बैठकीत लगेच एक यादी झाली: वर्कशॉपच्या छपरावर १०० किलोवॉट सोलर, एका गावात झाडं, एलईडी दिवे, प्लास्टिकच्या बाटल्या बंद. यातलं काहीच वाईट नाही. पण मी नंतर आकडे मांडले आणि मला वेगळंच चित्र दिसलं.

आपल्याकडे एक किलोवॉट सोलर वर्षाला साधारण १४०० युनिट देतं. १०० किलोवॉटचे झाले १ लाख ४० हजार युनिट. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला १०० टनांच्या आसपास वाचतात.

आता एक बॅकहो घ्या. तासाला ५ लिटर, वर्षाला १२०० तास, म्हणजे ६००० लिटर डिझेल. एक लिटर जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला १६ टन झाले, एका मशिनाचे. छपरावरचं सगळं सोलर मिळून सहा मशिनांची भरपाई करतं. हिशेबापुरतं समजा की एखाद्या डीलरने वर्षाला ३०० बॅकहो विकले. त्यांचे ४८०० टन होतात, आणि मशीन जगेल तेवढी वर्षं दरसाल होतात.

ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल, म्हणजे उत्सर्जन मोजण्याची जागतिक पद्धत, त्यात याला जागा आहे. आपल्या आवारात आणि आपल्या गाड्यांत जळतं ते स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि बाकीची साखळी स्कोप ३. या तिसऱ्या स्कोपचे १५ प्रकार आहेत, त्यातला ११ वा म्हणजे विकलेल्या मालाच्या वापरातून होणारं उत्सर्जन. आमच्या प्रश्नावलीत तो रकाना ऐच्छिक आहे. माझं म्हणणं, डीलरचा आराखडा तिथूनच सुरू व्हायला हवा. दुसरी जागा काळ्या ऑइलची. आमच्या वर्कशॉपमध्ये निघतं त्याची नोंद आहे. बाहेर साइटवर निघतं त्याची कोणाकडेच नाही.

इथे ठेकेदार आहेत, मिस्त्री आहेत, कारखान्यांत सेफ्टी-पर्यावरण पाहणारे आहेत. तुमच्या कामात काय दिसतं ते लिहा. मला ते आराखड्यात घालायचं आहे.

---

पीथमपूरकर_ताई

देवासनाका, ऑइलपासून सुरुवात करते, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं, अनुसूची १ मध्ये ५.१ क्रमांकावर. तेल लागलेले रिकामे ड्रम-डबे ३३.१, चिंध्या आणि कॉटन वेस्ट ३३.२. पुष्कळ वर्कशॉपना तेलाचं माहीत असतं, चिंध्यांचं नसतं. त्या साध्या कचऱ्यात जातात. इंदुरात घरोघरी सहा प्रकारचा कचरा वेगळा होतो, आणि तेलकट चिंधी मात्र सुक्या कचऱ्यात येते. एवढी शिस्त लावून घेतलेल्या शहरात हे व्हायला नको.

साठवण ९० दिवसांपर्यंत. वर्षाला १० टनांपेक्षा कमी निघत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. ड्रम पक्क्या फरशीवर, छपराखाली, सांडलं तर अडेल असा कठडा घालून. लेबल फॉर्म ८, नोंदवही फॉर्म ३, गाडी निघाली की फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीचा कागद), वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. यात कुठेही अडाखा चालत नाही, लिटर लिहावे लागतात.

आणखी एक. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, ईपीआर, लागू झाली आहे. म्हणजे ल्युब (वंगण तेल) बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना ठराविक हिस्सा पुनर्प्रक्रियेला गेल्याचं दाखवावं लागतं. त्यामुळे नोंदणीकृत री-रिफायनरला, म्हणजे वापरलेलं तेल पुन्हा शुद्ध करणाऱ्याला, तुमच्या तेलाची गरज आहे. पूर्वी 'घेऊन जा बाबा' म्हणावं लागायचं, आता बोलायला जागा आहे. तुम्ही ज्या ब्रँडचं ऑइल विकता त्यांनाच विचारा.

---

रामबागचे_काका

आयुष्य या मशिनांखाली गेलं. आता मुलगा गॅरेज बघतो. बाहेरच्या ऑइलचं मी सांगतो.

वॉरंटी असेपर्यंत गिऱ्हाईक डीलरकडे येतो. ती संपली की आमच्यासारख्याकडे. त्यात त्याचा दोष नाही, मजुरी परवडत नाही. मी साइटवर जातो, प्लग काढतो, खाली घमेलं किंवा कापलेला डबा. इंजिनाचं ऑइल ५०० तासांनी, हायड्रॉलिकचं २००० च्या पुढेमागे. घमेल्यातलं ऑइल नेणारे ठरलेले असतात. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला नेतात. वीटभट्टीवाले जाळायला नेतात. कोणी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून नेतो. पावसाळ्यात साइट चिखलाची असली, न्यायला कोणी नसलं, की तिथेच ओतलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहत आलो आहे.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. ओतलेलं तेल त्या भेगेतून खाली उतरतं, आणि खाली भेगाळलेला काळा दगड. बोअरचं पाणी त्यातूनच येतं. वर जमीन कोरडी दिसते म्हणून लोकांना वाटतं जिरून गेलं.

डीलरला खरंच काही करायचं असेल तर मिस्त्री लोकांशी बोला. आम्हाला कोणी शत्रू समजतं, कोणी बिनकामाचं. मात्र तुमच्या विकलेल्या मशिनांचं बहुतेक ऑइल आमच्याच हातून खाली येतं.

---

देवासनाका

काका, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर जाणार.

आमच्याकडे रिमॅन पार्टची एक पद्धत आहे. जुना स्टार्टर, टर्बो, हायड्रॉलिक पंप परत आणला की नव्या पार्टच्या किमतीतून 'कोअर'ची रक्कम वजा होते. जुना पार्ट कारखान्यात जातो, उघडून, मोजून, घासून पुन्हा नव्या मापात येतो. कॅटरपिलरने हे १९७३ मध्ये सुरू केलं आणि आज तो त्यांचा मोठा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक जुना पार्ट भंगारात घालत नाही, कारण त्याला त्याचे पैसे मिळतात.

हेच ऑइलला का लावू नये? बॅकहोतून वर्षाला इंजिनाचं तीसेक लिटर निघतं, हायड्रॉलिक वेगळं. मिस्त्रीने आमच्या काउंटरवरून नवा कॅन नेला आणि जुनं तेल बंद डब्यात परत आणलं, तर पुढच्या कॅनवर ठरलेली सूट. मशीन आमचं असो वा दुसऱ्या कंपनीचं.

ताई, दुसऱ्याचं तेल आमच्याकडे घेतलं तर नियमात बसतं का?

---

पीथमपूरकर_ताई

तुमचं सध्याचं प्राधिकार पत्र तुमच्या आवारात निर्माण होणाऱ्या तेलापुरतं असेल. बाहेरचं घ्यायचं तर तसं चालणार नाही. ईपीआरमध्ये 'कलेक्शन एजंट' असा वेगळा वर्ग आहे, त्यात नोंदणी करा. किंवा आधीच नोंदणी असलेल्या एजंटला तुमच्या काउंटरशेजारी ठरलेल्या दिवशी बसवा. तेल तो घेईल, सूट तुम्ही द्याल. सुरुवातीला दुसरा मार्ग सोपा.

आणि एक अट घालाच: तेलात पाणी, कूलंट किंवा डिझेल मिसळलेलं नको. ब्रेक ऑइलही वेगळं. मिसळलेलं तेल री-रिफायनर परत पाठवतो आणि मग ते तुमच्या गळ्यात. काउंटरवर साधी पाण्याची तपासणी ठेवा: तापलेल्या तव्यावर थेंब टाकला की पाणी असेल तर तडतडतं. आमच्याकडे आवक गेटवर हेच करतो.

---

मशीनवाला_उज्जैनरोड

दादा, मी मशीनमालक. सिंहस्थ २०२८ च्या कामांमुळे सध्या उज्जैनकडे भरपूर काम आहे, तिथे माझी मशिनं लागली आहेत. तुमच्या ४८०० टनांच्या हिशेबात एक गोष्ट घाला: मशीन सुरू आहे म्हणजे काम करतंय असं नाही.

माझ्या मशिनांचा टेलिमॅटिक्सचा, म्हणजे मशिनाने स्वतः पाठवलेल्या नोंदींचा, रिपोर्ट मोबाइलवर येतो. आयडलचा, म्हणजे इंजिन चालू पण काम बंद अशा वेळेचा, वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघतो, आणि माझ्या ओळखीच्या इतर मालकांचंही तेच आहे. डंपरची वाट बघत उभं, इंजिनियरची वाट बघत उभं, जेवणाच्या सुट्टीत उभं, इंजिन मात्र चालू. १२०० पैकी ४०० तास असे गेले आणि तासाला २ लिटर धरले तर ८०० लिटर. डिझेल नव्वद रुपये लिटर धरलं तरी सत्तर हजार रुपये नुसते उभं राहण्यात गेले.

मी ऑपरेटरवर रागवायचो. मग एकदा मे महिन्यात दुपारी साइटवर थांबलो. पारा ४२ च्या वर. आजूबाजूला एक झाड नाही, मांडव नाही, प्यायच्या पाण्याचा माठ नाही. त्या मुलाने जेवायला बसायचं कुठे? केबिनमध्ये एसी आहे, इंजिन चालू असेल तरच तो चालतो. तो इंजिन बंद करणार नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही केलं नसतं.

त्यानंतर माझ्या प्रत्येक साइटवर चार बांबू, हिरवी नेट, खाट आणि पाण्याचा जार जातो. दुपारचं आयडल लगेच खाली आलं. मी म्हणतो, झाडं लावा ती लावा, पण आधी ऑपरेटरला सावली द्या. डीलरने नव्या मशिनासोबत टूलबॉक्स देतात तशी घडीची छत्री-मांडव द्यावी. तिचा खर्च मशिनाच्या किमतीत दिसणारही नाही.

---

कोथरूड_ते_राजवाडा

मी पुण्यात भाड्याने मशिनरी देणाऱ्या कंपनीत होते, आता माहेरी इंदुरात. मशीनवाले दादांनी सांगितलं त्याला जोडून:

आयडलचं मूळ भाड्याच्या करारातही आहे. आपल्याकडे मशीन तासावर जातं आणि तास मोजतो आवर मीटर. इंजिन चालू की मीटर चालू. बकेट हललं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डिझेल मालकाचं असेल तर मालक आयडलवर लक्ष ठेवतो. पण डिझेल पार्टीचं, म्हणजे मशीन भाड्याने घेणाऱ्याचं, असेल तर आयडलचा तास मालकाला फायद्याचा: भाडं मिळतं आणि मशीन झिजत नाही. पार्टीला वाटतं काम चाललंय. दोघांपैकी कोणालाच इंजिन बंद करण्यात रस उरत नाही.

टेलिमॅटिक्स आल्यापासून काम आणि आयडल वेगवेगळं दिसतं. कोमात्सूने कोमट्रॅक्स २००१ च्या सुमारास मशिनांवर स्टँडर्ड द्यायला सुरुवात केली, आता जवळजवळ सगळ्या कंपन्यांचं आपापलं आहे. माहिती तर येते, ती करारात कोणी आणत नाही. डीलरकडे गिऱ्हाईकांचा डेटा असतो, त्यांच्याशी रोजचं बोलणं असतं. करारात आयडलचा दर वेगळा ठेवण्याची पद्धत डीलरच रुजवू शकतो.

---

नर्मदेचं_पाणी

थोडा विरोध नोंदवतो. झाडं आणि सोलर यांना तुम्ही सगळे जरा बाजूला सारत आहात, ते मला पटत नाही.

१४ जुलै २०२४ ला इंदूरच्या रेवती रेंजवर २४ तासांत ११ लाखांहून जास्त रोपं लावली गेली, तेव्हा आमची अख्खी सोसायटी गेली होती. शहराला त्या दिवशी आपल्या हाताने काहीतरी केल्यासारखं वाटलं आणि ते मोलाचं आहे. कामगारांना टनांचे आकडे दिसत नाहीत, झाड दिसतं.

आणि सोलरबद्दल: इंदूरला नर्मदा सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढवून आणावी लागते. पहिलं पाणी १९७८ मध्ये आलं. त्या पंपांची वीज हा महापालिकेचा केवढा मोठा खर्च आहे. म्हणून तर फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, जलूदला ६० मेगावॉटच्या सोलरसाठी, आणि सामान्य लोकांनी ते घेतले. सोलर लहान म्हणून सोडायचं नसतं.

त्यातून एक प्रश्न. तुमच्या वॉशिंग बेवर, म्हणजे मशिनं धुण्याच्या जागेवर, कोणतं पाणी वापरता?

---

देवासनाका

तुमचं बरोबर आहे, सोलर होणारच आहे. माझं म्हणणं एवढंच की आराखडा तिथे संपू नये. झाडांसाठी अट ठेवली आहे: लावलेल्या रोपांचं तीन वर्षं पाणी आणि राखण आमच्याकडे, आणि अहवालात लावलेली नाही तर जगलेली संख्या लिहायची.

वॉशिंग बेवर बोअर आणि टँकर. एक चिखलाने माखलेलं पोकलेन धुवायला शेकडो लिटर लागतात. ट्रॅकच्या रोलरमध्ये काळी माती अशी बसते की आधी खरवडून काढली नाही तर निम्मं पाणी तिच्यातच जातं. म्हणून पहिला नियम कोरडी खरवड. मग गाळाची टाकी, त्यानंतर तेल-पाणी वेगळं करणारा सेपरेटर, वरचं तेल ५.१ मध्ये, खालचं पाणी गाळून पुन्हा पहिल्या धुण्याला. शेवटचा फवारा तेवढा स्वच्छ पाण्याचा. सेपरेटर आमच्याकडे आहे, पण त्याची सफाई अनियमित होते, तिला तारीख लावून घेणार आहे. छपराचं पावसाचं पाणीही सध्या नाल्यात जातं. ते टाकीत घेतलं तर पावसाळाभर टँकर लागणार नाही.

मशीनवाले दादा, तुमच्या आकड्यांवरून मी पुन्हा हिशेब केला. आयडल निम्म्यावर आणलं तर मशिनामागे ४०० लिटर वाचतात, म्हणजे १ टनाहून थोडं जास्त कार्बन. ३०० मशिनांचे ३२० टन. ही तीन सोलर छपरं झाली, आणि यात फक्त एका वर्षाची विक्री धरली आहे. खर्च मांडवाचा आणि प्रशिक्षणाचा.

---

सीए_लोकमान्यनगर

प्रश्नावली का आली ते सांगतो, कारण मालक विचारतील.

शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड, तुम्हाला तो लागू नाही. पण तुमची मशिनं घेणाऱ्या मोठ्या सिमेंट, खाण आणि बांधकाम कंपन्या त्यात येतात आणि त्या आपल्या साखळीची माहिती गोळा करू लागल्या आहेत. ती मागणी मशीन बनवणाऱ्या कंपनीमार्फत उतरत उतरत तुमच्यापर्यंत आली असावी. पुढे निविदांमध्येही हे प्रश्न येतील असं मला वाटतं.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सक्तीचा सामाजिक खर्च, वेगळा, तो यात मिसळू नका. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नेट वर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी पार झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. गावातली झाडं त्यात बसतील. स्वतःच्या वर्कशॉपचा सेपरेटर बसणार नाही, तो तुमचा धंद्याचा खर्च आहे.

आणि जाहिरातीत 'हरित डीलर', 'पर्यावरणस्नेही मशीन' असं लिहिण्याआधी थांबा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दावा केला तर पुरावा आणि हिशेबाची पद्धत ग्राहकाला उपलब्ध हवी. तुम्ही इथे जसं 'हा हिशेबापुरता धरलेला आकडा' असं स्पष्ट लिहिलंत, अहवालातही तसंच लिहा.

---

ट्रेनर_राऊ

मी ऑपरेटरांना शिकवतो. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमाप्रमाणे बॅकहोचे कोर्स घेतो. प्रशिक्षणाने डिझेल वाचतं हे खरं, मात्र मुलांना 'डिझेल वाचवा' सांगून काही होत नाही. त्यांना हात दाखवावा लागतो. डंपर असा लावा की बकेट कमीत कमी फिरेल. बकेट भरलं की लिव्हर दाबून धरू नका, रिलीफ व्हॉल्व्हवर इंजिन ओरडतं आणि सगळं डिझेल उष्णतेत जातं. खोदताना फुल थ्रॉटल लागतंच असं नाही, इकॉनॉमी मोड कशाला दिलाय ते वापरून बघा. टायरची हवा रोज. एवढ्यावर फरक दिसतो.

नवी गोष्ट सांगतो जी गिऱ्हाईकांना अजून कळलेली नाही. चाकांच्या मशिनांना १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही स्टेज ५, म्हणजे बांधकाम मशिनांच्या धुराचे नवे निकष, लागू झाले. त्यामुळे नव्या इंजिनांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, येतो आहे. तो आपली काजळी आपण जाळून साफ करतो, पण त्यासाठी धूर पुरेसा गरम लागतो. तासन्‌तास आयडलवर ठेवलेल्या इंजिनाचा धूर थंड राहतो, काजळी साचत जाते, शेवटी मशीन लाल दिवा लावून ताकद कमी करतं. म्हणजे आता आयडल फक्त डिझेलचा प्रश्न राहिला नाही, दुरुस्तीचाही झाला. गिऱ्हाईकाला हे डिलिव्हरीच्या दिवशी सांगा.

मोठ्या इंजिनांना युरियाचं पाणी, डीईएफ, लागतं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, दर्जा आयएसओ २२२४१ चा. बाजारात शेतीच्या युरियातून घरी बनवलेलंही मिळतं, त्याने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट जातो. मग कोणी तरी सेन्सर फसवणारा डबा बसवून देतो आणि सगळा खटाटोप फुकट. पैसे नव्या इंजिनाचे आणि धूर जुना. माझी सगळ्या डीलरांना कळकळीची विनंती आहे, असा डबा बसवलेलं मशीन वर्कशॉपमध्ये आलं तर तो काढल्याशिवाय परत देऊ नका. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मला कळते. पण हे डीलरने नाही पाळलं तर कोणीच पाळणार नाही.

---

रामबागचे_काका

ट्रेनरसाहेबांचं शंभर टक्के खरं. फक्त डबा का बसतो तेही बघा. डीपीएफ साफ करायला डीलरचा लॅपटॉप लागतो, आणि मशीन अडलंय बडवानीच्या पुढे. डीलरचा माणूस दोन दिवसांनी येणार म्हणतो. तोवर दिवसाचं भाडं गेलं, हप्ता मात्र डोक्यावर. मग मालक ज्याला बोलावतो तो डबा घेऊनच येतो. तुमचा माणूस वेळेवर पोहोचला तर डब्याला गिऱ्हाईक नाही.

---

देवासनाका

काका, हे आमच्या मालकांना ऐकवतो. सर्व्हिस व्हॅन कुठे उभ्या राहतात याचा पर्यावरणाशी संबंध आहे हे माझ्याही डोक्यात नव्हतं. खरगोन-बडवानी पट्ट्यात कायम एक माणूस लॅपटॉपसह ठेवणं मला आता सोलरइतकंच आराखड्यातलं कलम वाटतं. व्हॅनचे इंदूरहून होणारे फेरेही कमी होतील, आणि ते तर थेट आमच्या स्कोप १ मध्ये आहेत.

रीबिल्डबद्दल, म्हणजे जुनं मशीन पुन्हा उभं करण्याबद्दल, कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. भारतात एक टन पोलाद बनताना साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. साडेसात टनांचा बॅकहो सगळा पोलादाचा धरला तर ढोबळमानाने १९ टन. म्हणजे मशीन कारखान्यातून निघण्याआधीच सव्वा वर्षाच्या डिझेलएवढं झालेलं असतं. दहा हजार तासांनंतर चासिस धड असेल, तर इंजिन, पंप, पिन-बुश, होज नवे करून ते पुन्हा उभं राहतं. आमच्या विक्री विभागाला हे आवडत नाही, त्यांचं टार्गेट नव्या मशिनांवर आहे. वर्कशॉपला मात्र महिनाभराचं काम मिळतं आणि गिऱ्हाईकाला नव्याच्या हप्त्यातून सुटका. जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडतं हेही तितकंच खरं. म्हणून माझा कल असा: आत शहरात, वस्तीजवळ काम करणारी मशिनं नवी असावीत, लांब गिट्टीखाणीवर चालणाऱ्यांचं रीबिल्ड करावं. यावर कोणाचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

तेल बदलण्यातही असंच. हायड्रॉलिक तेलाचा नमुना लॅबमध्ये दिला की धातूचे कण, पाणी, चिकटपणा सगळं कळतं. तेल चांगलं असेल तर तासांवर बोट ठेवून ओतून देण्याची गरज नाही. जे तेल निघालंच नाही त्याला मॅनिफेस्ट लागत नाही.

---

मशीनवाला_उज्जैनरोड

रीबिल्डला माझा पाठिंबा, पण बँकेला सांगा. नव्या मशिनाला कर्ज उभ्या उभ्या मिळतं, रीबिल्डला कोणी विचारत नाही. माझं जुनं मशीन मी त्याच कारणाने विकलं, रीबिल्डला हातात रोख नव्हती. डीलरने फायनान्सवाल्यांशी बोलून रीबिल्डवर वॉरंटी आणि हप्ता दोन्ही दिलं, तर मी पहिला येईन.

---

पीथमपूरकर_ताई

बॅटऱ्या राहिल्या. २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत रीसायकलर किंवा उत्पादकाच्या साखळीतच जायला हवी. भंगारवाला शिसं वितळवतो ते वस्तीत, मुलं खेळतात तिथे. जुन्या बॅटरीची किंमत भंगारवाल्याइतकी तुम्ही दिलीत तर ती तुमच्याकडे येईल, तेलासारखंच.

---

देवासनाका

बॅटरी घेतली यादीत.

पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे ते असं. काउंटरवर तेल आणि बॅटरी परत घेण्याची योजना, मिस्त्रींना धरून, नोंदणीकृत एजंटसह. प्रत्येक नव्या मशिनासोबत घडीचा मांडव आणि ऑपरेटरचं एक दिवसाचं शिक्षण. प्रत्येक गिऱ्हाईकाला महिन्याला आयडलचा एक पानी रिपोर्ट, रुपयांत आणि मराठी-हिंदीत, कारण सध्याचा इंग्रजी ईमेल कोणी उघडत नाही. निमाड (खरगोन-बडवानी) पट्ट्यात कायमचा माणूस. वॉशिंग बेचं पाणी. रीबिल्डसाठी बँकेशी बोलणी. आणि सोलर, झाडं. स्कोप ३ चा ११ वा रकाना आम्ही भरणार, ऐच्छिक असला तरी, गृहीतकं खाली लिहून.

एक मदत हवी आहे. कोथरूड_ते_राजवाडा, भाडेकरारात आयडलचा दर वेगळा ठेवण्याचं कलम तुम्ही पाहिलं असेल. आमच्या गिऱ्हाईकांना वापरता येईल असा नमुना द्याल का?

---

कोथरूड_ते_राजवाडा

आम्ही वापरायचो त्याच धर्तीवर, सोप्या भाषेत:

'भाड्याचे तास मशिनाच्या टेलिमॅटिक्स नोंदीनुसार मोजले जातील. प्रत्यक्ष कामाच्या तासाला पूर्ण दर. आयडल तास एकूण तासांच्या १५ टक्क्यांपर्यंत असल्यास त्यालाही पूर्ण दर. त्यापुढच्या आयडल तासाला ठरलेल्या दराच्या निम्मा दर. पार्टीकडून डंपर, आखणी किंवा परवानगी न मिळाल्याने मशीन थांबल्यास ऑपरेटर इंजिन बंद करेल आणि तो वेळ वेगळ्या थांबा-दराने लावला जाईल. ऑपरेटरसाठी सावली व पिण्याचं पाणी पार्टी साइटवर पुरवेल. महिन्याची नोंद दोन्ही पक्षांना एकाच दिवशी पाठवली जाईल.'

१५ टक्के हा आकडा कामाप्रमाणे बदला. नाल्याच्या खोदाईत कमी चालेल, डंपर भरण्यात जास्त लागेल. थांबा-दर मात्र सोडू नका. तो नसेल तर मालकाचं नुकसान होतं आणि तो इंजिन चालू ठेवण्यावर परत येतो. टेलिमॅटिक्स बंद पडलं तर त्या दिवसांचे तास कसे धरायचे तेही आधीच लिहून घ्या, आमचे बहुतेक वाद तिथेच झाले.